हिवाळ्यातली पहाट, धुकं आणि उसाची ट्रॉली: नव्यानं गाडी चालवणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात घाटातून गाडी न्यायची म्हटलं की घरातली माणसं दहा वेळा बजावतात. डिसेंबरात पहाटे पाचला निघालात तर फार तर "स्वेटर घेतलास का?" एवढंच विचारतात. रस्ता कोरडा, आभाळ निरभ्र, दरडीची भीती नाही. मग काळजी कसली? लायसन्स मिळाल्यावर पहिली दोन वर्षं मीही याच समजुतीत होतो. तिसऱ्या वर्षी जानेवारीत, साताऱ्याकडून कराडकडे येताना उंब्रजच्या अलीकडे, सकाळचे सव्वासहा झाले असतील, पांढऱ्या धुक्यातून एकदम उसाचे शेंडे पुढे आले. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ट्रॉलीचा आकारही नाही. नुसते शेंडे, थेट काचेच्या उंचीवर. ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. वेग उतरेपर्यंत शेंडे बॉनेटला घासत होते. पुढे ट्रॅक्टरवरचं गाणं जोरात चालू होतं आणि मागं काय झालं याचा त्या ट्रॅक्टरवाल्याला पत्ताही नव्हता. तो आपला तसाच पुढे निघून गेला.

ट्रॉलीला दिवा नव्हता हे खरंच. पण मला तीस मीटरपलीकडचं दिसत नव्हतं आणि मी सत्तरनं चाललो होतो, हे नंतर टपरीवर चहा पिताना माझं मलाच कळलं. तेव्हापासून हिवाळ्यात गाडी काढायची माझी एक पद्धत ठरून गेली आहे. ज्यांनी नुकतंच लायसन्स काढलंय, किंवा शहरात चालवायची सवय आहे पण थंडीत पहाटे हायवेला, गावाकडच्या रस्त्याला लागायची पहिलीच वेळ आहे, त्यांच्यासाठी ती इथं मांडतो. उदाहरणं सातारा-कराड-सांगली भागातली आहेत, कारण माझं चाक तिथंच फिरतं. सोलापूर, अहिल्यानगर, बारामती-इंदापूरकडेही फारसं वेगळं नाही.

आधी धुक्याची ओळख

पावसाळ्यातलं घाटातलं धुकं आणि हिवाळ्यातलं धुकं ही वेगवेगळी प्रकरणं आहेत. पावसाळ्यात आंबोलीत किंवा ताम्हिणीत आपण ढगातच शिरलेलो असतो. वर जाल तसं दाट, खाली उतराल तसं मोकळं. हिवाळ्यात हे उलटं होतं. रात्री आभाळ मोकळं, वारा पडलेला. जमीन दिवसाची ऊब भराभर सोडून देते आणि तिला लागून असलेली हवा गार पडते. गार हवा जड, ती खोलगट भागात जाऊन बसते. तिथं नदी, कालवा किंवा नुकतंच पाणी पाजलेला ऊस असेल तर ओलावा आयताच मिळतो आणि धुकं धरतं.

पाचगणीहून पहाटे पसरणी घाटानं वाईकडे उतरताना हे डोळ्यांनी दिसतं. वर चांदण्या लख्ख, शंभर-दीडशे मीटर पुढचा रस्ता स्वच्छ. खाली कृष्णेच्या खोऱ्यात मात्र दूध सांडावं तसा पांढरा थर, त्यातून एखाद्या टेकडीचं टोक वर आलेलं. रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि फोटो काढा जरूर, पण दहा-बारा वळणांनंतर त्याच दुधात आपल्याला गाडी घालायची आहे, हे विसरू नका. घाटातला मोकळा वेग अंगात भिनलेला असतो आणि शेवटच्या वळणावर समोरचं सगळं पुसून जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे हे धुकं सलग नसतं. पाच किलोमीटर काही नाही, मग ओढ्यावरच्या पुलाशी भिंत, पुन्हा दोन किलोमीटर स्वच्छ. ज्यांना फसायचं ते या मधल्या स्वच्छ पट्ट्यातच फसतात. "गेलं एकदाचं" म्हणून पाय दाबतात. पूल, कालवा, उसाचा पट्टा पुढे आला की आधीच पाय उचलायचा, दिसेनासं झाल्यावर नव्हे.

वेळेचं म्हणाल तर पहाटे चारपासून ते दाटायला लागतं आणि सूर्योदयाच्या आगेमागे सर्वांत दाट होतं. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. उजाडलं म्हणजे सुटलो, असं बिलकूल नाही. कोवळ्या उन्हानं दवाची वाफ होते, हवा थोडी ढवळली जाते आणि पुष्कळदा अर्धा-पाऊण तास धुकं वाढतंच. साडेआठ-नऊला ते विरतं. त्यामुळे पहिला सल्ला सगळ्यात स्वस्त: काम थांबण्यासारखं असेल तर साडेआठला निघा. साडेपाचला निघून चाचपडत जाणारा आणि साडेआठला निघणारा, यांच्या पोचण्यात वाटतो तेवढा फरक पडत नाही.

हवामान खात्याच्या भाषेत २०० मीटरपेक्षा कमी दिसायला लागलं की दाट धुकं आणि ५० मीटरच्या खाली गेलं की अतिदाट. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे हिशोबाला लागतील. आणि शेजारच्या शेतात पाचट पेटवलेलं असेल तर धूर धुक्यात मिसळून जो प्रकार होतो, त्यात आपल्याच गाडीचं बॉनेट दिसेनासं होतं. तसा पट्टा लांबून दिसला किंवा वास आला तर त्यात शिरू नका. अलीकडेच सुरक्षित जागा बघून थांबा.

आदल्या रात्री दहा मिनिटं

वायपरची रबरं पावसाळा संपल्यापासून उन्हात वाळलेली असतात. बोटानं दाबून बघा. कडक झाली असतील तर बदला. वॉशरच्या टाकीत पाणी भरा, त्यात शाम्पूचे दोन थेंब टाका. हिवाळ्यात काचेवर दिवसभराची धूळ बसते आणि रात्री तिच्यावर दव पडतं. सकाळी तसाच वायपर फिरवला की चिखल होतो आणि चरे पडतात ते वेगळंच. आधी पाणी मारायचं, मग वायपर.

काच आतूनही पुसा. आतल्या बाजूला एक तेलकट पापुद्रा धरलेला असतो, तो दिवसा जाणवत नाही. समोरून गाडीचे दिवे आले किंवा सकाळचं ऊन तिरपं पडलं की सगळी काच दुधाळ होते. जुन्या वर्तमानपत्राचा बोळा किंचित ओला करून घासा, मग कोरड्या सुती फडक्यानं पुसा. मागचे लाल दिवेही पुसून ठेवा. पुढचे दिवे सगळे पुसतात, मागचे कुणी पुसत नाही, आणि धुक्यात तुमचा जीव मागच्या दिव्यांवर असतो.

टायरमधली हवा सकाळी, गाडी पळवण्याआधी बघायची. तापमान साधारण पाच-सहा अंशांनी उतरलं की हवा एक पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास कमी भरते. ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी भरलेली हवा निफाडच्या किंवा महाबळेश्वरच्या जानेवारीतल्या पहाटे चांगलीच उतरलेली असते. टायरची नक्षी १.६ मिलिमीटर ही कायद्यानं किमान, पण त्या टोकापर्यंत ताणू नका.

डिझेल गाडी असेल तर चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखं पिवळं चिन्ह दिसतं. ते विझू द्या, मग स्टार्टर मारा. बॅटरी जुनी असेल तर पहिल्या थंडीतच ती रंग दाखवते.

काच धुरकटली तर

नवशिक्यांची सगळ्यात जास्त तारांबळ इथं उडते. गाडीत चार माणसं, काचा बंद, बाहेर बारा अंश. पाच मिनिटांत समोरची काच पांढरी. मग एक हात स्टिअरिंगवर आणि दुसऱ्या हातानं रुमाल, किंवा शेजारी बसलेल्या काकू पदरानं पुसतायत. पुसलं की अर्ध्या मिनिटात पुन्हा तेच.

हिवाळ्यात हे धुरकट आतल्या बाजूला असतं. आपल्या श्वासातली वाफ गार काचेवर जमते. उपाय असा: हवेचा रोख पायांवरून समोरच्या काचेकडे वळवा, तापमानाची घुंडी लाल बाजूला फिरवा, आणि एसी चालू करा. हो, थंडीतही एसी. एसी हवेतला ओलावा काढून घेतो आणि हीटर ती कोरडी हवा गरम करून काचेवर सोडतो. सोबत आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या. मिनिटाभरात काच स्वच्छ होते. मागच्या काचेला तारा असतील तर त्यांचं बटण वेगळं असतं, तेही दाबा. गाडी जुनी आणि हीटर बंद पडलेला असेल तर दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटं खाली घ्या. गारठा लागेल, पण दिसेल.

पावसाळ्यात एसी फार गार ठेवल्यावर काच बाहेरून धुरकटते, तेव्हा वायपर चालतो. हिवाळ्यात वायपर फिरवून काही होत नसेल तर समजा, ओल आत आहे.

विजेच्या खांबांचा हिशोब

धुक्यात वेग किती ठेवायचा, याला एकच उत्तर आहे: जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. आता थोडं गणित, कारण नुसतं "सावकाश चालवा" म्हणून कुणी ऐकत नाही.

ताशी ८० ला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात ३३ मीटर संपले. मग ब्रेक लागून थांबायला कोरड्या, चांगल्या रस्त्यावर आणखी ३५ मीटरच्या आसपास. म्हणजे जवळजवळ ७० मीटर. दवानं ओला झालेला, वर धूळ आणि ऑइलचा थर असलेला रस्ता असेल तर हेच ९५ मीटरपर्यंत जातं. ताशी ६० ला ओल्या रस्त्यावर साधारण ६० मीटर. ताशी ४० ला ३३.

आता रस्त्याकडेला बघा. विजेचे खांब साधारण पन्नास मीटरच्या अंतरानं असतात, थोडं इकडेतिकडे. दोन खांब पुढचे दिसत असतील तर ६०. एकच दिसत असेल तर ४० च्या खाली. पुढचा खांबही दिसत नसेल तर तुम्ही हवामान खात्याच्या अतिदाट धुक्यात आहात. तिथं वीस-पंचवीसच्या वेगानं जवळचा पेट्रोल पंप किंवा ढाबा गाठायचा, आत शिरायचं आणि चहा सांगायचा.

स्पीडोमीटरकडे मधूनमधून बघत राहा. धुक्यात बाजूची झाडं, घरं मागं पळताना दिसत नाहीत, त्यामुळे ७० वर असूनही आपण ४० वर आहोत असं वाटतं. माझं तेच झालं होतं. उत्तरेकडे यमुना एक्स्प्रेसवेवर तर ऐन थंडीत १०० ची मर्यादा ७५ वर आणतात. आपल्याकडच्या गावरस्त्यांवर अशी पाटी कुणी लावणार नाही, ती आपली आपण लावायची.

नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा. समोरून अप्पर (लांबवर जाणारा झोत) लावून कुणी आला तर त्याच्या दिव्यात बघू नका, पट्टीकडे बघा. गाणी बंद, तुमच्या बाजूची काच थोडी खाली. धुक्यात कान बरंच काम करतात. ट्रकचं इंजिन दिसण्याआधी ऐकू येतं.

एक सवय मोडा. पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यांना धरून जायचं, म्हणजे रस्ता त्यानं शोधायचा आणि आपण मागं. सोपं वाटतं, म्हणूनच लोक त्याच्या अगदी ढुंगणाला लागतात. तो ट्रक थांबला तर तुम्हाला थांबायला जागा नसते, आणि तो चुकून रस्ता सोडून उतरला तर तुम्हीही उतरता. त्याचे दिवे जेमतेम दिसतील एवढं अंतर ठेवा. एखाद्या खांबापाशी तो गेला की "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणत मोजा. चार-पाचच्या आत तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात.

दिवे: कुठले लावायचे, कुठले नाही

अप्पर लावू नका. धुक्याच्या थेंबांवरून तो उजेड उलटून तुमच्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर ठेवा. बंपरमधले फॉग लॅम्प असतील तर तेही लावा. ते खाली असल्यामुळे रस्त्याच्या पृष्ठभागावर उजेड टाकतात. मागचा लाल फॉग लॅम्प असेल तर दाट धुक्यात जरूर लावा आणि धुकं संपलं की आठवणीनं बंद करा, नाहीतर मागचा माणूस शिव्या घालतो.

नव्या गाड्यांमध्ये एक खोड आहे आणि ती फार जणांना ठाऊक नसते. इंजिन चालू केलं की पुढे दिव्यांच्या पांढऱ्या पट्ट्या आपोआप लागतात. पुढे उजेड दिसला की चालकाला वाटतं दिवे लागले. बऱ्याच गाड्यांत तेव्हा मागं काहीच लागलेलं नसतं! शिवाय ऑटोवर ठेवलेले हेडलाइट सकाळच्या पांढऱ्या धुक्याला उजेड समजून बंदच राहतात. म्हणून हिवाळ्यात स्विच स्वतः फिरवायचा. एकदा गाडीतून उतरून मागं जाऊन बघा, लाल दिवे खरोखर लागलेत का.

चारी इंडिकेटर लुकलुकत ठेवून गाडी पळवायची पद्धत सगळीकडे आहे. माझा त्याला विरोध आहे. तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे, मागच्याला कळत नाही. आणि खरोखर थांबलेली गाडी कुठली, चालती कुठली, हेही नाही. चारी इंडिकेटर थांबलेल्या गाडीसाठी ठेवा. अचानक फार हळू व्हावं लागलं तर दोन-चार सेकंद लावलेत तर चालेल.

उसाची ट्रॉली

दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू होतो आणि मार्चपर्यंत, कधी त्याच्याही पुढे चालतो. म्हणजे सगळा हिवाळा रस्त्यावर ऊस. बीडकडून आणि आणखी कुठून कुठून तोडीच्या टोळ्या येतात, दिवसभर तोड आणि भरणी, आणि मग संध्याकाळपासून पहाटेपर्यंत कारखान्याकडे वाहतूक. नेमक्या ज्या वेळी दिसत नाही त्याच वेळी.

ट्रॉली मागून कशी दिसते ते नीट समजून घ्या. ऊस ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूंना आणि मागं लोंबतो. मागं दिवा असला तरी तो शेंड्यांखाली झाकला जातो. कारखाने आणि आरटीओ हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावून देतात, पण आठवड्याभरात ते चिखलानं माखतात किंवा निघून जातात. म्हणून लाल दिवे शोधू नका. रस्त्याच्या मध्यभागी धुक्यापेक्षा जरा गडद, आकार नसलेला डाग शोधा. डांबरावर उसाची कांडी पडलेली दिसायला लागली तर ट्रॉली पुढे आहे, असं समजून पाय उचला. कांडी मला दोनदा वेळेत सांगून गेलीय.

भरलेला ट्रॅक्टर ताशी वीसच्या आसपास जातो. तुम्ही ८० वर असाल तर तुमच्यातलं अंतर ताशी ६० च्या वेगानं, म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरनं कमी होतं. शंभर मीटरवर तो दिसला तरी तुमच्याकडे सहा सेकंद आहेत. त्याला उभा असलेला समजूनच ब्रेक लावायला सुरुवात करायची.

ओव्हरटेकचा हिशोब तर आणखी कडक. दोन ट्रॉल्यांसह हे धूड पंधरा मीटरच्या पुढे जातं. मागचं-पुढचं सुरक्षित अंतर धरून तुम्हाला त्याच्यापेक्षा पन्नास मीटर जास्त जायचंय. तुम्ही ५० वर, तो २० वर: सहा सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही ८० मीटर पुढे जाता आणि समोरून ६० नं येणारा माणूस १०० मीटर जवळ येतो. म्हणजे दुपदरी रस्त्यावर १८० मीटर स्वच्छ दिसत असेल तरच बाहेर निघायचं, आणि हा हिशोब अगदी काटेकोर आहे, त्यात पदरचे वीस-तीस मीटर घाला. धुक्यात १८० मीटर दिसत नाहीत. तेव्हा मागं राहायचं. गाव आलं, रस्ता रुंदावला, तो बाजूला झाला की मग जायचं. हॉर्नवर विसंबू नका. टेपचा आवाज एवढा असतो की त्याला तुमचा हॉर्न ऐकू जात नाही. दिवे अप्पर-डिपर करून त्याच्या आरशात उजेड पाडा.

चढावर त्याच्या मागं चिकटू नका. ओझ्यानं ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात किंवा ट्रॉली मागं सरकते. आणि उतारावर दुसरी ट्रॉली शेपटीसारखी हलते, तेव्हा बाजूनं घुसायचा मोह आवरा.

रिकाम्या ट्रॉल्यांचा प्रकार वेगळा. त्या खडखडाट करत, भरलेल्यांपेक्षा कितीतरी जोरात परत येतात आणि अंधारात पूर्ण काळ्या असतात. कारखान्याच्या दोन-तीन किलोमीटर आधीपासून नंबरला लागलेल्या ट्रॉल्यांची रांग रस्त्याकडेला उभी असते. अर्धी चाकं डांबरावर. तिथं बैलगाड्याही असतात. टोळीतली माणसं, कधी लहान पोरंसुद्धा, शेकोटीजवळून उठून रस्ता ओलांडतात. कारखान्याची चिमणी किंवा मळीचा वास आला की तिसरा गिअर.

एक शेवटचं. ट्रॉली पंक्चर होते किंवा चढावर थांबते, तेव्हा चाकांमागं मोठे दगड लावतात. ट्रॉली निघून जाते, दगड तिथंच राहतात. धुक्यात ते दिसत नाहीत, दुचाकीवाल्याला तर नाहीच नाही. तुमच्या गाडीचं चाक बदलताना तुम्ही दगड लावलात तर जाताना उचला!

पहाटेच्या रस्त्यावरची बाकीची मंडळी

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे साडेपाचला हायवेच्या कडेनं पळत असतात, बहुतेक काळ्या ट्रॅकपँटमध्ये. शाल पांघरून फिरायला निघालेले आजोबा. कार्तिकी वारीच्या दिवसांत दिंड्या. पाऊस संपल्यावर मेंढरं घेऊन निघालेले धनगर, ज्यांचा कळप सगळा रस्ता व्यापतो. तिथं हॉर्न न वाजवता थांबलं तर कळप लवकर बाजूला होतो. आणि कुत्री. डांबर रात्रभर थोडी ऊब धरून ठेवतं म्हणून ती रस्त्याच्या मधोमध झोपतात. एकदम स्टिअरिंग फिरवू नका, सरळ रेषेत ब्रेक लावा.

दुचाकीवर असाल तर

कानटोपीवर हेल्मेट घालू नका; ते डोक्यावर डुगडुगतं आणि पट्टा नीट बसत नाही. पातळ सुती बालाक्लावा (डोकं, तोंड आणि मान झाकणारी टोपी) मिळतो, तो घाला. मफलरची, ओढणीची टोकं जर्किनच्या आत खोचा. काळं जर्किन असेल तर वरून रिफ्लेक्टरचं जाकीट चढवा, शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. हेल्मेटची काच श्वासानं धुरकटते. ती बोटभर उघडी ठेवा. रंगीत काच पहाटे कामाची नाही.

खरा धोका हातांचा आहे. गारठलेली बोटं ब्रेकच्या दांडीवर अर्धा सेकंद उशिरा आवळतात. ताशी ५० ला अर्धा सेकंद म्हणजे सात मीटर. तेव्हा हातमोजे हवेत, आणि बोटं बधिर झाली की थांबा. पंधरा-वीस मिनिटं, एक गरम चहा, हात पेल्याला धरून. पांढऱ्या पट्ट्या, पुलांचे लोखंडी सांधे आणि दवानं भिजलेली उसाची पाचट, या तिन्हींवर गाडी कलती करू नका आणि पुढचा ब्रेक एकदम दाबू नका.

ऊन आलं की

धुकं विरलं म्हणजे नवीनच पाहुणा हजर. पुण्याहून सकाळी सोलापूरकडे निघालात तर रस्ता पूर्व-आग्नेयेला जातो आणि हिवाळ्यातला सूर्यही नेमका तिथंच, क्षितिजाला टेकून. साडेसात ते साडेआठ या वेळात तो थेट डोळ्यांत असतो. संध्याकाळी परत येताना पुन्हा तेच, कारण आता तोंड पश्चिमेला. सन व्हायजर खाली घ्या, अंतर दुप्पट करा आणि काच आतून पुसायला का सांगितली होती ते आठवा. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर समोरच्याला तुम्ही दिसत नाही आहात, असं धरून चाला.

महाबळेश्वरला जाणार असाल तर

वेण्णा तलावाच्या काठाला कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठून हिमकण होतात, गाड्यांच्या टपावर आणि काचेवर पांढरा थर बसतो. त्यावर उकळतं पाणी ओतू नका, काच तडकू शकते. गाडी चालू करून हीटरची हवा काचेवर सोडा, पाच मिनिटं थांबा. कार्डानं किंवा चावीनं खरवडण्याचा उद्योग नको.

गाडी बंद पडलीच तर

धुक्यात रस्त्यावर उभी असलेली गाडी हीच सगळ्यात घातक. इंजिन अडखळायला लागलं की आहे त्या वेगाचा उपयोग करून डावीकडे, डांबर सोडून पूर्ण खाली उतरा. चारी इंडिकेटर लावा. लाल त्रिकोण गाडीमागं किमान ५० मीटरवर, म्हणजे साधारण सत्तर पावलं मोजून ठेवा. दाट धुकं असेल तर आणखी मागं. त्रिकोण घेऊन जाताना डांबरावरून चालू नका, कडेच्या मातीतून जा, मोबाइलची बॅटरी येणाऱ्या गाड्यांच्या दिशेला धरून.

मग सगळ्यांनी गाडीतून डाव्या बाजूनं उतरायचं. थंडी वाजते म्हणून म्हातारी माणसं, पोरं आत बसून राहतात, त्यांनाही खाली घ्या, शाली-गोधड्या सोबत. गाडीच्या मागं किंवा पुढे उभं राहायचं नाही. मागून धडक बसली तर गाडी पुढे फेकली जाते. कठडा असेल तर त्याच्या पलीकडे, नसेल तर शेताच्या बांधावर, गाडीपासून चांगलं लांब.

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर फोन करा. कुणी जखमी असेल तर रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२. फोनवर पहिला प्रश्न "नक्की कुठं?" हा असतो आणि धुक्यात आपल्याला ते सांगता येत नाही. म्हणून चालवताना शेवटचं दिसलेलं गाव आणि किलोमीटरचा दगड मनात धरत जायचं. शेजारी कुणी बसलेलं असेल तर हे काम त्यांच्याकडे द्या. डुलकी लागत नाही, हा वरचा फायदा.